करपात्र बाप

मुलांच्या शिक्षणासाठी पैसे साठवणाऱ्या पालकाला शासन करात सवलत देतं. यामागे मानवी स्वभावाचा खोल अभ्यास आहे. नुसतं मूल असणं हे काही बचतीला पुरेसं कारण नाही, हे शासनाने वेळीच ओळखलं. मुलाकडे बघून माणूस फार तर खाऊ आणतो. कराकडे बघून मात्र तो पंधरा-पंधरा वर्षांच्या कागदावर न वाचता सही करतो.

सवलतीचे नियमही विचारपूर्वक केलेले आहेत. शाळा-कॉलेजची शिकवणी फी धरतात, पण दोनच मुलांची. (तिसऱ्याने अडाणी राहावं असं कुठेही म्हटलेलं नाही, त्याने सवलतीविना शिकावं, इतकंच.) बसचे पैसे, विकासनिधी, देणगी यातलं काही धरत नाहीत; मूल शाळेपर्यंत पोचलं कसं आणि त्याला आत घेतलं कशामुळे, यात शासन डोकावत नाही. क्लासची फी तर मुळीच धरत नाहीत, कारण तिथे मूल खरोखर काही शिकण्याचा धोका असतो. पॉलिसी, भविष्य निर्वाह निधी वगैरे गोष्टी मात्र आनंदाने धरतात. सगळं मिळून वर्षाला दीड लाखापर्यंत.

अशी ही सोय सर्वांना खुली आहे. अट एकच. वाचवण्यासाठी आधी कर लागला पाहिजे. आमच्या घराचं नेमकं इथेच अडलं.

आमची वसईजवळ सांडोरला वाडी होती. केळी, थोडी पानवेल, कडेकडेने भाजी, विहिरीपाशी सोनचाफा. शेतीच्या उत्पन्नाला आपल्याकडे कर नाही. माझे सासरे शरदचंद्र यांनी याच वाडीवर माझ्या नवऱ्याला, म्हणजे देवेंद्रना, पदवीधर केलं, माझी नणंद मेघना हिला फार्मसीला घातलं, दोघांची लग्नं केली, आणि या सगळ्यात एका पैशाचीही करबचत केली नाही. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. अज्ञानाचे दिवस होते.

आम्हाला मुलगी एकच, रेवा. ही गोष्ट सुरू होते तेव्हा ती आठवीत होती. शाळेतून आली की दप्तर ओट्यावर टाकायची आणि थेट वाडीत जाऊन आजोबांच्या मागे फिरायची. कुठल्या केळीच्या बुडाशी फुटलेलं कुठलं पिल्लू ठेवायचं आणि कुठलं काढायचं, यावर दोघांची भांडणं चालत. (आजोबा हरत.) रेवाला चांगल्या कॉलेजात घालायचं यावर घरात एकमत होतं, आणि त्या काळजीने देवेंद्र रात्री कूस बदलत. बाप म्हणून माणूस सोन्यासारखा. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

होळीला मेघना आणि तिचे यजमान उमंगराव मनवेलपाड्याहून येतात. उमंगराव अंधेरीला एका कंपनीत हिशेबखात्यात आहेत. जेवण झालं, पान झालं, आणि उमंगरावांनी पाय लांब करून विचारलं, "दादा, या वर्षी तुमचा किती वाचला?"

"काय वाचला?"

"टॅक्स हो. मार्च आहे."

"मला टॅक्स नाही," देवेंद्र म्हणाले.

ज्याला कधी भूकच लागत नाही अशा माणसाकडे बघावं तसं उमंगरावांनी बघितलं.

"अजिबात नाही? अरेरे. मी मुलाच्या शिक्षणासाठी टाकतो, आणि त्याच्यावर परत टॅक्स वाचतो. म्हणजे शिक्षण पण झालं आणि वाचलं पण. तुम्ही रेवाच्या शिक्षणासाठी काय करता?"

देवेंद्रनी थोडा विचार केला. "केळी करतो," ते म्हणाले.

मेघना हसली. मीही हसले. देवेंद्र हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या मनाने घेतलं की आपण मुलीसाठी काहीच करत नाही.

आठवड्याभरात ते पारनाक्यावर हिलरीकडे गेले. हिलरी त्यांचा वर्गमित्र, आता कर सल्लागार. मला सोबत नेलं होतं, कारण पिशवीत त्याच्यासाठी राजेळी केळ्यांचा फणा होता आणि देवेंद्रना फणा नीट धरता येत नाही.

"हिलरी, मला कर वाचवायचाय."

"किती भरतोस?"

"काहीच नाही."

"मग वाचला की."

"तसा नाही रे. तो आपोआप वाचतो. मला वाचवायचाय. मुलीच्या शिक्षणासाठी."

"अरे, शेतीला कर नाही. वाचवायचा तर आधी लागला पाहिजे."

"मग लागेल असं कायतरी सांग."

हिलरीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देवेंद्र, तीस वर्षं मी या खुर्चीत बसलोय. लोक मला विचारतात तो याच्या बरोबर उलटा प्रश्न असतो. मला जरा वेळ दे, मॅन."

वेळ घेऊन त्याने सांगितलं की शेतीबाहेरचं काहीतरी उत्पन्न लागेल. देवेंद्र उत्साहाने कामाला लागले. सर्वप्रथम त्यांनी रोपवाटिका काढली. कल्पना रेवाची होती, कलमं रेवाची होती; ती नववीत होती आणि जास्वंदीच्या एकाच झाडावर तिने तीन रंग आणले होते. गिऱ्हाईक नालासोपाऱ्याहून यायला लागलं. दुर्दैवाने रोपवाटिका चालली. वर्षअखेर वही घेऊन देवेंद्र हिलरीकडे गेले तेव्हा कळलं की रोपं-कलमांचं उत्पन्नही कायद्याने शेतीचंच धरतात. एक पूर्ण वर्ष वाया गेलं.

पुढची सूचना माझी. आपण राजेळी वाळवून सुकेळी करू या, मी म्हटलं, वसईची सुकेळी लोक मागून नेतात. हिलरीने मान तिरकी केली. केळं विकलंत तर शेती. सुकेळी विकलीत तर थोडी शेती, थोडा धंदा, आणि बाकी वाद. "प्रयत्न करून बघता येईल," तो म्हणाला. पण देवेंद्र तत्त्वाचे पक्के. "मला संशयित कर नको," ते म्हणाले. "निर्विवाद हवा."

निर्विवाद कर शेवटी प्रेमी युगुलांनी आणला. लग्नाआधी फोटो काढून घ्यायची फॅशन आली आहे, हे आपण जाणताच. मुलगी गाऊन नेसून (गाऊन नेसत नाहीत, पण सांडोरच्या चिखलात तो नेसल्यासारखाच धरावा लागतो) केळीच्या पानाआडून डोकावते आणि मुलगा विहिरीच्या काठावर उगाच गंभीर होतो. आम्ही त्यासाठी वाडी द्यायला लागलो; तासाचे पैसे घेतात. हे उत्पन्न शेतीचं नाही यावर हिलरी, देवेंद्र आणि शासन या तिघांचं एकमत झालं. पण ते इतकं थोडं होतं की कर लागायच्या उंबरठ्यापर्यंतही पोचेना. आमच्या घराला दारातूनच परत पाठवल्यासारखं झालं. रेवा तेव्हा दहावीत होती. वेळ कमी होता.

तेव्हा देवेंद्रनी ठरवलं की वाडीचं लॉन करायचं. लग्नं, बारशी, कंपन्यांची संमेलनं. त्यासाठी जमीन बिनशेती करावी लागते. अर्ध्या वाडीची बिनशेती करायला आणि पूर्ण वाडीची करायला धावपळ तेवढीच पडते, असं त्यांना कोणीतरी समजावलं. आमच्यात धावपळ वाया घालवायची पद्धत नाही, म्हणून पूर्ण केली.

सह्यांचा कागद सासऱ्यांपुढे आला तेव्हा ते ओट्यावर बसून भाजीच्या जुड्या बांधत होते.

"वाडी विकतोस काय रे?"

"नाही बाबा. फक्त बिनशेती करतो. रेवाच्या शिक्षणासाठी."

"तू शिकलास तो कशावर शिकलास?"

"ते वेगळं. त्यात तुम्ही काही वाचवलं नाहीत."

सासऱ्यांनी जुडीची गाठ मारली, कागद गुडघ्यावर घेतला आणि सही केली. नातीच्या शिक्षणाचं नाव काढल्यावर त्या माणसाकडून काहीही सही करून घेता आली असती. मी ते तेव्हाच बोलायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. मी बोलले. "अहो, केळी काढल्यावर पोरगी संध्याकाळी जाईल कुठे?" असं विचारलं. "अभ्यासाला बसेल," देवेंद्र म्हणाले.

केळी काढली. पानवेल गेली. हिरवळ लावली, ती उन्हात करपली, मग प्लास्टिकची आणली. ती करपत नाही, वाढत नाही, तिला पाणी लागत नाही आणि तिच्यावर अनवाणी उभं राहिलं की पाय भाजतात. एकंदर टिकाऊ वस्तू. सोनचाफा दिवे अडवत होता म्हणून गेला. सासरे सकाळी सवयीने कोयता घेऊन बाहेर पडत आणि लॉनच्या कडेने एक फेरी मारून तो कोयता तसाच परत आणत. पाहुणे त्यांना सुरक्षारक्षक समजत.

लॉन चाललं. आता लग्नाच्या मांडवाला दोन्ही बाजूंना घडासकट केळीचे खांब बांधावे लागतात. ते आम्ही जवळच्या गास गावातल्या आल्बर्ट नावाच्या बागायतदाराकडून विकत आणू लागलो. पहिल्यांदा टेम्पो घेऊन गेलो तेव्हा आल्बर्ट कोयता खाली ठेवून पुढे आला.

"देवेंद्र, तू सांडोरचा. आणि केळ माझ्याकडनं नेतोस?"

"धंदा आहे रे, आल्बर्ट."

"कोणाचा?" आल्बर्टने विचारलं आणि पैसे मोजून खिशात घातले. (त्याच्या या उत्पन्नावर एक रुपयाही कर नाही. बिचारा.)

आता फक्त बचत करायची राहिली होती. त्यासाठी विनयाताई आल्या. विनयाताई पॉलिसी देतात. त्यांच्या रंगीत पत्रकावर एक मुलगी काळी चौकोनी टोपी आकाशात फेकत होती आणि मागे तिचे आईवडील, वयाने तिच्याहून चारेक वर्षांनी मोठे, टाळ्या वाजवत होते. पॉलिसीचं नाव सांगत नाही. त्यात 'स्वप्न' हा शब्द दोनदा होता.

"पैसे कधी मिळतात?" मी विचारलं.

"मुलगी पंचवीस वर्षांची झाली की, वहिनी. एकरकमी."

"पण कॉलेजला ती अठराव्या वर्षी जाणार."

"म्हणून तर सुरक्षित," विनयाताई म्हणाल्या. "मध्येच खर्च होऊन जायला नको ना!"

देवेंद्रनी दीड लाखाचा पहिला हप्ता भरला. दोन्ही हातांनी पावती घेतली. देवाचा अंगारा घेतात तशी.

आणि मग तो दिवस आला. रेवाची बारावीची परीक्षा चालू होती आणि आम्ही हिलरीकडे बसलो होतो. हिलरीने आकडे मांडले आणि खुशीत वर बघितलं.

"अभिनंदन, देवेंद्र! नवीन करपद्धतीत तुला कर शून्य."

देवेंद्रांचा चेहरा असा पडला की मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "शून्य?"

"शून्य. तुझं उत्पन्न सहा लाख ऐंशी हजार. नव्या पद्धतीत यावर काही भरायचं नाही. पॉलिसीबिलिसी काही दाखवायची नाही."

"म्हणजे वाचणार किती?"

"वाचायला लागलाच नाही ना!"

"जुन्या पद्धतीत बघ."

हिलरीने नाइलाजाने बघितलं. "जुन्या पद्धतीत पॉलिसी दाखवली तर एकतीस हजार दोनशे वाचतात. आणि एकोणीस हजार दोनशे चाळीस भरायचे."

"आणि नव्या पद्धतीत भरायचे किती?"

"काही नाही."

"वाचतात किती?"

"काही नाही."

"मग?" देवेंद्र म्हणाले. उलटतपासणी संपवून खाली बसणाऱ्या वकिलाचा तो आवाज होता.

हिलरीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. जुनी पद्धत घेतली, एकोणीस हजार दोनशे चाळीस रुपये भरले, आणि चार वर्षांच्या खटपटीनंतर आमच्या घराला शिक्षणाच्या बचतीवर करलाभ मिळाला.

होळीला देवेंद्रनी उमंगरावांचं पान खाऊन व्हायचीही वाट बघितली नाही. "उमंगराव, या वर्षी माझे एकतीस हजार वाचले."

"कशावर, दादा?"

"रेवाच्या शिक्षणावर."

"म्हणजे तुम्ही अजून जुन्यात?" उमंगराव म्हणाले. "आम्ही सगळे ऑफिसवाले नव्यात गेलो. पॉलिसी बंद करून टाकली मी. आता कोण वाचवतं, दादा?"

फॅशनचं असंच असतं. आपण गाऊन शिवून घेईपर्यंत लोक परत नऊवारीवर आलेले असतात.

जूनमध्ये बारावीचा निकाल लागला आणि रेवाने जेवताना सांगितलं की तिला उद्यानविद्या शिकायची आहे. फळझाडं, फुलझाडं, कलमं. सरकारी कृषी महाविद्यालयात, कोकणातच, फी परवडण्यासारखी. तिने सगळी माहिती काढून ठेवली होती. देवेंद्रनी घास परत ताटात ठेवला. सासरे मात्र ताटाकडे बघून नुसती मान हलवत राहिले, कारण त्यांना हे ऐकून काही नवीन वाटलं नव्हतं.

कृषी प्रवेशाला शेतकऱ्याच्या मुलांना काही गुणांची भर मिळते. सातबारा दाखवावा लागतो. मी आणि रेवा मदत केंद्रावर गेलो. टेबलामागच्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या.

"सातबारा आणलाय?"

"आणलाय," रेवा म्हणाली.

"यात शेती कुठाय? ही तर बिनशेती."

"आता आहे. आधी वाडी होती."

"वडील काय करतात?"

"लॉन."

"मग बाळा, शेतकऱ्याची मुलगी म्हणून नाही येणार. सोडली कशाला शेती?"

"माझ्या शिक्षणासाठी," रेवा म्हणाली.

बाईंनी पेन उचललं, संगणकाकडे बघितलं, आणि हे लिहायला कुठे जागा सापडेना म्हणून पेन परत खाली ठेवलं.

यादी लागली. रेवा थोडक्यात बाहेर राहिली. गुणांची ती भर मिळाली असती तर आत होती. हा हिशेब मी दोनदा केला आणि मग करायचा सोडून दिला.

त्या संध्याकाळी लॉन रिकामं होतं. देवेंद्र प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि रेवा समोर चवड्यावर बसून त्या हिरव्या गालिच्याची शिवण नखाने उचकटत होती. मी चहा घेऊन गेले.

"तुला हे कधीपासून शिकायचं होतं ग?" देवेंद्रनी विचारलं.

"आठवीपासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"आजोबांना सांगितलं होतं. आईला सांगितलं होतं."

"मला का नाही?"

"तुम्ही बिझी होतात ना, बाबा," रेवा म्हणाली. "माझ्या शिक्षणात."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं. बापाला रागावता तरी आलं असतं. ते चहा न पिता उठले आणि कडेने फेरी मारून आले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते चालताना सासऱ्यांसारखे दिसले.

आता रेवा घाटावरच्या एका खाजगी कृषी महाविद्यालयात आहे. तिथे फी इतकी आहे की शैक्षणिक कर्ज काढावं लागलं. (पॉलिसीचे पैसे मिळतील तोवर ती शिकून, नोकरीला लागून, बहुधा स्वतःच्या मुलीसाठी पत्रकं चाळत असेल.) कागद करायला हिलरीकडे गेलो तेव्हा त्याने मित्राला बरं वाटावं म्हणून सांगितलं, "देवेंद्र, एक चांगली गोष्ट आहे. शिक्षणाच्या कर्जाच्या व्याजावर जुन्या पद्धतीत सवलत आहे. आणि ऐक, याला वरची मर्यादाच नाही! जेवढं व्याज, तेवढी सवलत."

चार वर्षांपूर्वी हे ऐकून देवेंद्रनी पेढे वाटले असते.

"मला नव्या पद्धतीत टाक," ते म्हणाले.

"नीट विचार कर. धंदेवाल्याला एकदा नव्यात गेलं की परत जुन्यात येता येत नाही."

"त्याची सवय झालीय," देवेंद्र म्हणाले. हिलरीने हळूच मला विचारलं की याची तब्येत ठीक आहे ना. मी म्हटलं, सुधारतेय.

एवढ्यावर मी थांबले असते, पण तुम्ही मघापासून देवेंद्रना हसताय. मला दिसतंय. हसा, हरकत नाही. मीही लग्न झाल्यापासून तेच करत आलेय. फक्त एक छोटीशी पाहणी करायची आहे, त्यात भाग घ्या. आपल्या मुलाच्या नावाने काढलेली पॉलिसी कुठल्या वर्षी पिकते, ते आठवा. आठवलं? हप्त्याची तारीखही आठवली असेल. शाबास.

आता, त्याला काय शिकायचं आहे ते सांगा. 'इंजिनीअरिंग' नको, ते तुम्हाला शिकायचं होतं. त्याला.

बरं, राहू दे, उठू नका. तो आतल्या खोलीतच आहे, कुठे जात नाही. आणि एकतीस मार्चला अजून बराच अवकाश आहे.